डबा रिकामा असताना देवावर भरवसा कसा ठेवायचा?

ताई, तुमचा प्रश्न मी सावकाश, पुन्हा पुन्हा वाचला. मिस्टर यंत्रमागावर होते. दिवाळीनंतर कारखान्यानं आधी एक पाळी कमी केली, मग मागच बंद केले. आता तुम्ही वळता त्या विड्यांवर घर चाललंय. दोन मुलं शाळेत, सासूबाई घरी. सासूबाई म्हणतात, ज्यानं चोच दिली तो चारा देईल, तू नाम घे. शेजारच्या बाई म्हणतात, घराला काहीतरी लागलंय, कर्ज काढून का होईना, पूजा घाला. आणि तुम्ही लिहिलंय, ‘नाम रोज घेते, पण रात्री ज्वारीचा डबा उघडला की छातीत धस्स होतं. माझीच श्रद्धा कमी पडते का? कुणापुढे हात पसरला तर तो देवावरचा अविश्वास ठरेल का? मुलं विचारतात, त्यांना काय सांगू?’

सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षं बायकांचं भजनी मंडळ चालवते, कीर्तनंही करते. मंडळातल्या कितीतरी जणी विडी कामगार आहेत आणि त्यांचे नवरे मागावर. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी कीर्तन संपल्यावर पाया पडताना कुजबुजत येतो, कधी नुसता रडण्यातून येतो. ज्या घरांत तो आला त्या घरांचं पुढं काय झालं हे मी पाहिलंय. त्या आधारावरच लिहिते.

तुम्ही श्रद्धेचा एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन गोष्टी गुंतल्यात. हे संकट माझ्या श्रद्धेत खोट आहे म्हणून आलं का, ही पहिली. आज काय करायचं, ही दुसरी. तिसरी तुम्ही ओझरती लिहून पुढं गेलात, ती म्हणजे हे कुणाला सांगायचं. तुमच्या एवढ्या मोठ्या लिहिण्यात माहेरी कळवलं, भावाला बोलले, शाळेतल्या बाईंना सांगितलं, असं कुठंच नाही. माझ्या अनुभवात गाडी अडते ती बहुतेक वेळा इथेच. नाम चाललेलं असतं, कष्ट चाललेले असतात, आणि दाराला आतून कडी असते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. घरात कुणी आजारी असेल तर औषध आधी, बाकी सगळं नंतर. सावकाराचं कर्ज आधीच डोक्यावर असेल तर सल्ला थोडा बदलतो, त्याबद्दल खाली लिहिलंय. मिस्टर दारू घेत असतील तर पैशाचा व्यवहार तुमच्या हातात राहायला हवा, आणि तो प्रश्न वेगळ्यानं हाताळावा लागेल. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून तसं नाही असं धरून चालते. आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत लक्षात ठेवा. काम गेलेला माणूस गप्प गप्प राहतो, जेवत नाही, ‘माझ्यामुळे तुमचे हाल’ असं बोलू लागतो. तो किंवा तुम्ही स्वतः जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारापर्यंत आलात, तर त्याच घटकेला कुणाला तरी घरी बोलवा आणि १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर लावा. तो सरकारी आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.

आता पहिली गोष्ट. तुमचा माग बंद पडला तो सुताचे भाव, मालाला नसलेला उठाव, वीजबिल असल्या कारणांनी. टॉवेलची ऑर्डर कमी झाली की एका गल्लीतले माग एकदम थांबतात. त्या गल्लीत पहाटे काकड आरतीला जाणारा असतो तसा कधी देवळाची पायरी न चढलेलाही असतो, आणि काम दोघांचंही जातं. नव्वदच्या दशकात इथल्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा हजारो घरांची चूल एकदम मंदावली. त्या घरांतून नेमाने वारी करणारे होते, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेणारे होते. त्यांच्या भक्तीत काय खोट होती? तेव्हा घराला लागलंय, देव कोपलाय, ही भाषा तुम्ही मनातून काढून टाका. उपाशी माणसाच्या डोक्यावर अपराधाचं ओझं ठेवणं हे मला अधर्माचं काम वाटतं, आणि ते देवाच्या नावानं होतं तेव्हा जास्तच वाईट वाटतं.

तुकोबांचंच पाहा. १६३०च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. पाऊस नाही, त्यात दख्खनमध्ये मोगली फौजांची धामधूम. तुकोबांचं चांगलं चाललेलं दुकान बुडालं आणि पहिली बायको अन्न अन्न करीत गेली. हे त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगितलंय, काही लपवलं नाही. तुकोबांच्या घरी भूक आली ती त्यांची श्रद्धा कमी होती म्हणून आली, असं म्हणायची कुणाची छाती होईल? म्हणून कीर्तनात मी कधी असं सांगत नाही की नाम घ्या, डबा आपोआप भरेल. तुम्हालाही तसं सांगणार नाही. देवाच्या राज्यात माणसं उपाशी का मरतात याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्यानंतर तुकोबांनी काय केलं ते मला माहीत आहे. लोकांकडून येणं असलेल्या पैशाची कर्जखतं होती, त्यातला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत बुडवला, अशी परंपरा सांगते. भुकेनं पोळलेल्या माणसानं दुसऱ्याच्या गळ्याचा फास सोडवला. माझ्या लेखी त्यांच्या भरवशाची खूण ती आहे.

मग ‘देव देईल’ याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्या जिल्ह्यात याचं उत्तर जागोजाग आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. पंधराव्या शतकातला दुष्काळ, बिदरच्या बादशहाचं सरकारी कोठार, आणि दामाजीपंत त्या कोठारावरचे अधिकारी. त्यांनी कोठार उघडून लोकांना धान्य वाटलं. बादशहाचा कोप ओढवला तेव्हा विठोबा विठू महार होऊन गेला आणि धान्याची रक्कम भरून आला. आपण नेहमी शेवटच्या चमत्काराकडे पाहतो. पण जी माणसं त्या कोठाराच्या दारात पदर पसरून उभी राहिली, त्यांच्याकडे मी तुम्हाला पाहायला सांगते. त्यांच्यासाठी देवानं आभाळातून काही टाकलं नाही. एका अधिकाऱ्याच्या हाताला धैर्य दिलं. आणि ती माणसं लाजून घरात बसली असती तर धान्य कोठारातच राहिलं असतं.

दुसरीही एक गोष्ट त्यात आहे, आणि कीर्तनात मी तिच्यावर जोर देते. देव आला तो गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या रूपात आला. म्हणजे मदत आपल्याला शोभेल अशाच हातातून येईल असं धरून बसू नका. आपल्याकडे एका चाळीत तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी असतात. पीठ पद्मशाली बाईच्या घरातून येईल, मुसलमान शेजारणीकडून येईल, चर्चमधून येईल. ‘त्यांच्याकडचं कसं घ्यायचं’ म्हणून परत पाठवलेला वाडगा मी पाहिलाय, आणि त्या घरातली पोरं त्या रात्री पाणी पिऊन झोपली होती. असं करू नका.

संतांच्या गोष्टी नीट पाहिल्या तर देव बहुतेक वेळा कामाच्या जागी आलेला दिसतो. जनाबाईच्या जात्यावर आला, ती दळत होती तेव्हा. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता महाराजांना तो मळ्यातच भेटला, कांदा-मुळ्याच्या वाफ्यात. आपल्या गावच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, जे आजही देवळाभोवती आहे. त्यांच्या परंपरेत कायक आणि दासोह या दोन गोष्टी जोडीनं चालतात. कष्टानं मिळवायचं आणि मिळालेलं वाटायचं. वाटणारा असला म्हणजे घेणाराही आला. आणि घेणाऱ्याला कुणी कमी लेखलेलं नाही. अक्कलकोटच्या अन्नछत्रात रोज हजारो लोक जेवतात. तिथल्या पंगतीत गाडीतून आलेला आणि पायी आलेला एकाच रांगेत बसतो, कुणाला कुणी विचारत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर असं आहे. हात पसरणं हा अविश्वास नाही. देव माणसांच्या हातून देतो असं मानता ना, मग त्या माणसांना तुमची गरज कळायला नको का? ज्याचा भरवसा पक्का, त्यालाच मागता येतं, कारण नकार मिळाला तरी आपली किंमत कमी होत नाही हे त्याला ठाऊक असतं. भीती असते तेव्हा माणूस लपवतो.

या लपवण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या एका वाक्यापाशी मी थांबले. तुम्ही लिहिलंय, ‘गुरुवार होताच, आता सोमवार आणि शनिवारही धरलाय.’ ताई, माझ्यासमोर बसून बायका असं सांगतात तेव्हा मी विचारते, ‘हा उपास देवासाठी की भाकरी पुरत नाही म्हणून?’ बऱ्याच वेळा उत्तर येत नाही, डोळे भरून येतात. ‘तुम्ही जेवा, माझा उपास आहे’, हे वाक्य आपल्याकडच्या किती स्वयंपाकघरांतून बोललं गेलं असेल! आईनं पोरांसाठी आपल्या वाटची भाकरी ठेवली, त्या मायेपुढे मी हात जोडते. पण तो उपास देवाच्या खात्यावर टाकू नका. एक तर दिवसभर मान खाली घालून, तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळायच्या आणि पोटात काही नाही, यानं अंग खचतं. चक्कर येते, विड्या नीट वळल्या जात नाहीत, माल नापास होतो, मजुरी कटते. आणि दुसरं, घरच्यांना खरी परिस्थिती कळतच नाही. मिस्टरांना वाटतं भागतंय. सासूबाईंना वाटतं देव देतोय. खरं तर तुमचं अंग देत असतं. एकादशी करता, तेवढी ठेवा. तब्येत साथ देत नसेल तर तीही सोडा, विठ्ठल रागावणार नाही. बाकीचे वाढवलेले उपास आजपासून बंद करा आणि भाकरी सगळ्यांत वाटून घ्या. पुरली नाही तर पुरली नाही हे सगळ्यांना एकत्र कळू दे.

त्याच रात्री मिस्टर आणि सासूबाईंसमोर डबे उघडून बसा. ज्वारी किती, तांदूळ किती, तेल किती, शेंगाची चटणी किती दिवस जाईल, हातात पैसे किती, कुणाचं देणं किती. बायका हे करायला फार घाबरतात. वाटतं, आकडा कळला तर धीर सुटेल. उलट होतं. न मोजलेली भीती रात्रभर वाढत राहते, मोजलेली गरज एका कागदावर मावते. मिस्टरांना हे चांगलं कळेल. चालता माग थांबला की विणकर पहिल्यांदा तुटलेला धागा शोधतो आणि तेवढाच जोडतो. इथंही तसंच करायचंय. मग त्या कागदावरून देवापुढे बोला, अगदी नेमकं. ‘विठ्ठला, संकट दूर कर’ एवढंच म्हणू नका. ‘परवा सकाळच्या भाकरीला पीठ नाही, थोरल्याच्या वहीला पैसे नाहीत’ असं सांगा. नेमकं सांगायला लागलं की आपल्यालाच उमगतं की यातलं किती आजचं आहे आणि किती पुढच्या वर्षाची काळजी आहे. आजचं मागा. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी मागू. भरवशाची रोजची साधना म्हणून मी मंडळात हेच सांगते.

सकाळ झाली की त्या कागदातल्या गोष्टींसाठी पाय बाहेर पडले पाहिजेत. सगळ्यात आधी रेशन. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला पस्तीस किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३पासून ते फुकट आहे. तुमचं कार्ड केशरी असून धान्य बंद असेल, तर एखाद्याची ई-केवायसी, म्हणजे आधारची ऑनलाइन पडताळणी, राहिली आहे का, धाकट्याचं नाव चढलंय का, हे दुकानदाराला विचारा. तिथं दाद लागली नाही तर अन्नधान्य वितरण कार्यालयात जा. शहरात वर्षाचं उत्पन्न एकोणसाठ हजारांच्या आत असलेलं कुटुंब प्राधान्य यादीत बसतं. हे धान्य म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत, तो तुमचा हक्क आहे. आणि माझ्या मते देवाच्या देण्याची ती एक रीत आहे, कारण कुणाच्या तरी मनात गरिबाला धान्य मिळालं पाहिजे हे आलं म्हणूनच कायदा झाला. १९७२च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं खडी फोडायला, तलावाच्या कामावर गेली, सुकडी आणि मिलो नावाची लाल ज्वारी खाऊन जगली. त्या कामांवर दिवसभर घण मारून संध्याकाळी टाळ वाजवणारे म्हातारे मी ऐकलेत. सरकारी कामाची मजुरी घेताना आपली भक्ती कमी झाली असं त्यांना कधी वाटलं नाही.

सासूबाईंचं वय पासष्टच्या पुढे असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर तहसीलमध्ये श्रावणबाळ योजनेचा अर्ज करा. महिना दीड हजार रुपये मिळतात. तिथं खेटे घालावे लागतात हे खरं आहे, म्हणून सोबत कुणाला तरी न्या. तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात. कारखान्याकडून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही तेही पाहा. मुलांना शाळेत दुपारचा आहार मिळतो. तो खाण्यात त्यांना कमीपणा वाटू देऊ नका, पोटभर खायला सांगा. मिस्टरांनी लूमचंच काम धरून बसू नये. माग सुरू होईपर्यंत हमाली असेल, एमआयडीसीत रोजंदारी असेल, हंगामात हुरड्याच्या शेतावर असेल, जे मिळेल ते. कारागीर माणसाला हे जड जातं. त्यांना टोचून बोलू नका, पण थांबूही देऊ नका.

आता कर्ज आणि पूजा. इथं मी कडक बोलणार आहे. कर्ज काढून सत्यनारायण घालू नका. पूजेच्या संकल्पातच यथाशक्ती म्हणायची पद्धत आहे, आणि तुमची शक्ती आज तुळशीच्या पानाएवढी आहे. तेवढंच वाहा. नवस बोलला असाल तर देवाला सांगा, दिवस आले की फेडीन. देव व्याज लावत नाही. सावकार लावतो. आपल्याकडे खासगीत महिना शेकडा दहा दर सर्रास चालतो, म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्के. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण दिलेल्या कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, आणि परवान्याशिवाय सावकारी करणं हा २०१४च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुम्ही आधीच अशा कुणाच्या हातात सापडला असाल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते. एकट्या जाऊ नका, चार माणसं घेऊन जा. बचतगटाच्या नावानं आठवड्याचे हप्ते लावणाऱ्या कंपन्यांचंही एकावर एक कर्ज घेऊ नका. एकाचा हप्ता भरायला दुसरं काढलं की तिथून परत येणं फार अवघड जातं.

‘देव देईल’ म्हणून आज कर्ज काढणं हा भरवसा आहे असं कितीजणांना वाटतं. मला ते पटत नाही. न आलेला पैसा आपण आजच खर्चून बसतो आणि देवानं तो भरून द्यावा अशी त्याच्यावर सक्ती करतो. पोटासाठी, औषधासाठी घ्यावंच लागलं तर आधी नातलग, मग पतसंस्था किंवा बँकेत सोनं तारण, आणि फेडीची तारीख ठरवून. मालकाकडून उचल घेणार असाल तर काम पुन्हा सुरू होणार हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर मिस्टर त्या कारखान्याला बांधले जातील आणि दुसरीकडे जाता येणार नाही.

म्हणजे आत्तापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर संकटाचा दोष श्रद्धेला लावू नका, उपासाआड भूक लपवू नका, हक्काचं मागून घ्या आणि देवाच्या नावावर व्याज अंगाला लावून घेऊ नका.

राहिलं ते माणसांना सांगणं. आधी कुणाला सांगायचं हे विचारपूर्वक ठरवा. सगळ्या गल्लीला सांगायची गरज नाही. गोष्ट पोटात ठेवील आणि हात हलवील अशी दोन-तीन माणसं निवडा. भाऊ, शाळेतल्या बाई, तुमच्या देवळातली एखादी वडीलधारी. सांगताना रडगाणं नको, कागद दाखवा. ‘आम्हाला महिनाभर दहा किलो ज्वारी कमी पडते’ असं म्हटलं की समोरच्याला काय करायचं ते कळतं. ‘आमचे फार हाल आहेत’ म्हटलं की तो हळहळतो आणि निघून जातो. आमच्या मंडळात एक रीत आहे. एकादशीला ज्यांच्या घरी चूल कमी पेटते, त्या बायका त्या दिवशी न लागलेली ज्वारी, डाळ पिशवीतून घेऊन येतात आणि एका डब्यात ओततात. महिन्याच्या शेवटी तो शिधा ज्या घराला लागतो तिथं जातो. कुणाच्या घरी गेला हे पंगतीत सांगायचं नाही, वहीत लिहायचं नाही. ज्या घरानं आज घेतलं ते घर दोन-तीन वर्षांनी पिशवी घेऊन येतं, हे मी पाहत आले आहे. काही घरं येत नाहीत, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्या भागात असं काही नसेल तर कीर्तनाला, सत्संगाला जिथं जाता तिथं सुरू करायला सांगा. मागणारी म्हणून लाज वाटत असेल तर सुरू करणारी व्हा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी त्यांच्या आयुष्यात याहून वाईट दिवस पाहिले असतील आणि ‘चोच दिली तो चारा देईल’ या एका वाक्यावर काढले असतील. ते वाक्य त्यांच्याकडून हिसकावून घ्यायचं नाही. उलट त्यांना विचारा, ‘आत्या, तुमच्या वेळी चारा कसा मिळाला हो?’ त्या सांगू लागतील. कुणी शेतावर बोलावलं, कुणी पायलीभर ज्वारी दिली, कोण दुकानदार उधार द्यायचा. मग म्हणा, ‘तशी माणसं आत्ताही असतील, आपण दोघी मिळून जाऊ.’ म्हातारं माणूस सोबत असलं की रेशनच्या कचेरीतही बोलणं जरा नीट होतं, हे माझ्या पाहण्यातलं आहे.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. ‘बाबांचं काम थांबलंय, दुसरं शोधतायत, आज एवढंच आहे, सगळे मिळून खाऊ.’ ‘देव रागावलाय’ असं त्यांच्यासमोर कुणालाही बोलू देऊ नका, शेजारच्या बाईंनाही. ते पोरांच्या मनात जन्मभर राहतं. जेवायच्या आधी त्यांना हात जोडायला लावा, आणि ज्या दिवशी कुठून धान्य आलं त्या दिवशी विचारलं, ‘आई, हे देवानं पाठवलं?’ तर ‘हो’ म्हणा आणि मामाच्या हातून, शाळेतल्या बाईंच्या हातून, खालच्या चाचींच्या हातून, जे असेल ते नाव घेऊन सांगा. शिधा कुणाकडून आलाय हे सांगायचं नाही असं ठरलं असेल, तर ‘आपल्या माणसांकडून’ म्हणा.

रेशनचं काम आधी करा, ते या आठवड्यातच होण्यासारखं आहे. श्रावणबाळसाठी सासूबाईंच्या वयाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागेल, तो काढायला वेळ जातो, म्हणून त्याची सुरुवातही लगेच करा. मिस्टरांशी डबे उघडून बोलणं झालं की काय ठरलं ते मला कळवा, त्यावरून पुढचं बोलू.